ग्रुप यायच्या आधीचं शामोनी

“टूर शनिवारी सुरू होणार आणि तू बुधवारीच शामोनीला जाऊन बसणार? मग एकटी करणार काय तिथं?” जूनभर हा प्रश्न मला घरात, बँकेत, रंकाळ्यावर आणि एकदा तर महाद्वार रोडला रेनकोट बघताना दुकानदारानंसुद्धा विचारला, आता त्याला हे सांगितलं कुणी ते मला अजून कळालेलं नाही, पण कोल्हापुरात हे असंच चालायचं. माझं उत्तर तयार असायचं. विमान लेट झालं तर, बॅग मागं राहिली तर, आणि उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, म्हणजे झोपेचं गणित बसायला एखाद-दुसरा दिवस लागणारच. सगळं खरं होतं. पण हे सगळं सांगून झाल्यावर जे उरायचं ते मी आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. मला डोंगरापेक्षा ग्रुपची भीती जास्त वाटत होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. शामोनी हे फ्रान्समधलं माँ ब्लाँच्या पायथ्याचं गाव, आमच्या चालायच्या टूरचा ग्रुप तिथं जमणार होता. माँ ब्लाँ हा आल्प्समधला सगळ्यात उंच डोंगर, ४८०० मीटरच्या जरा वर. तिथले लोक दर दोन वर्षांनी त्याला मोजतात, डोक्यावरचा बर्फ कमी-जास्त झाला की आकडा हलतो, २०२३ ला ४८०५.५९ मीटर भरला होता. तर या डोंगरावर चढायचं नसतंय, त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालायची. त्या वाटेला टूर द्यू माँ ब्लाँ म्हणतात, सगळे जण नुसतं टीएमबी म्हणतात. साधारण १७० किलोमीटर, फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड असे तीन देश, आणि सगळे चढ एकावर एक ठेवले तर १०,००० मीटरच्या आसपास. रोज एखादी तरी खिंड चढून उतरायची. इटलीतून स्वित्झर्लंडमध्ये जाताना जी ग्राँ कोल फेरे लागते ती २५३७ मीटरवर आहे आणि आपलं कळसूबाई १६४६, यावरून काय तो अंदाज घ्या. आमची टूर पूर्ण वाटेची नव्हती, मधले काही टप्पे बसनं उडवायचे होते, तरी जे उरलं होतं ते माझ्या पोटात गोळा यायला पुरेसं होतं.

कारण मी हळू चालते. दमत नाही, पाय दुखत नाहीत, दिवसभर चालवा, पण हळू. पन्हाळा ते पावनखिंड आम्ही बँकेतल्या बायका मिळून जातो, जुलैमध्ये, सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं महाराज निसटले तो १६६० चा प्रसंग आठवत पावसात शेकडो लोक चालतात तेव्हा. मसाई पठारावर तो गुडघाभर चिखल, धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही, मागनं घोषणा देत कॉलेजची पोरं येतात आणि “काकी, साइड” म्हणून निघून जातात. तिथं गर्दीच तुम्हाला ढकलत नेतीय. पुढच्यानं वेग वाढवला की आपण वाढवायचा, तो थांबला की थांबायचं, आणि पांढरपाण्याला पोचेपर्यंत मला कधी कळालंच नाही की मी स्वतः कुठल्या वेगानं चालले असते. सगळ्यात शेवटी पोचणाऱ्यात मी असायचे एवढं माहीत. तिथं त्याचं काय वाटत नाही, सगळी आपलीच माणसं. पण टूरचा व्हॉट्सअॅप ग्रुप तयार झाला आणि त्यात एकानं लिहिलं की मी तीन महिने पाठीवर बारा किलो घेऊन जिने चढतोय, दुसरीनं मॅरेथॉनचा फोटो टाकला, आणि मी आपला अंगठा दाखवून गप्प बसले.

तयारी मीपण केली की. पुण्याहून बूट आणले, ते पायात बसायला पहाटे रंकाळ्याला चकरा, पाठीवर सॅकमध्ये ज्वारीची पिशवी. रंकाळ्यावर सकाळी अर्धं कोल्हापूर असतंय हे मी विसरले नव्हते, पण बूट घालून सॅक घेतलेल्या बाईकडं ते अर्धं कोल्हापूर थांबून बघेल असं वाटलं नव्हतं. “काय ताई, घर सोडून निघाला का काय?” एक आजोबा रोज विचारायचे. मी “दळण टाकायला निघालीय” म्हणायचे, जे तांत्रिकदृष्ट्या खोटं नव्हतं. रविवारी जोतिबाचा डोंगर पायथ्यापासून, दोनदा. व्हिसासाठी पुण्याला जाऊन बोटांचे ठसे देऊन आले, शेंगेनचा नियम साधा आहे, ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडं अर्ज करायचा, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. यात सांगण्यासारखं एवढंच.

खरं भांडण तुपावरनं झालं. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बरणीभर तूप कढवून ठेवलं होतं, “डोंगरात ताकद लागतीय.” आता युरोपियन युनियनमध्ये आपल्याकडनं दूध-तूप-मांसाचे पदार्थ घेऊन जाता येत नाहीत, रोगराई जाऊ नये म्हणून तसा नियमच आहे, हे मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “त्यांच्या गाई वेगळ्या आहेत का?” यावर मला उत्तर सुचलं नाही. शेवटी कांदा-लसूण मसाला, भडंग, चहापत्ती आणि सुंठ एवढ्यावर तह झाला.

मुंबईपर्यंत महालक्ष्मी एक्सप्रेस, पुढं आखातातनं जिनिव्हा, आणि जिनिव्हा विमानतळावरनं दीड-एक तासाची बस. शामोनी फ्रान्समध्ये असलं तरी जवळचा विमानतळ स्वित्झर्लंडचा. बसमधनं उतरले तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि ऊन असं पडलेलं की कोल्हापुरातले चार वाटावेत. जुलैच्या सुरुवातीला तिथं सव्वानऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो. गाव लांबट, अरुंद खोऱ्यात, १०३५ मीटरवर, दोन्ही बाजूंनी भिंती. मान वर केली की बर्फ, अजून वर केली की अजून बर्फ, शेवटी मान दुखायला लागली तेव्हा नदीकडं बघितलं. गावाच्या मधोमध आर्व्ह नदी वाहते, आणि तिचं पाणी तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं पांढुरकं. हिमनद्या सरकताना खालचा खडक दळतात, त्याचं पीठ पाण्यात उतरतं, म्हणून तो रंग. पाण्याचा आवाज एवढा की पुलावर उभं राहून ह्यांना फोन लावला तर ते म्हणाले, तिकडं पण पाऊस का?

कोल्हापुरात पाऊस सुरूच होता. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला होता आणि पंचगंगेची पातळी आमच्या घरच्या ग्रुपवर दर दोन तासाला यायची. कोल्हापूरचा माणूस जुलैमध्ये कुठंही असो, त्याच्या डोक्यात ते दोन आकडे असतातच, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. २०१९ च्या महापुरानंतर तर फारच. मी माँ ब्लाँच्या खाली बसून फोनवर ‘३१ फूट ४ इंच’ वाचत होते आणि शेजारच्या बाकावरचे लोक सूर्यास्ताचे फोटो काढत होते.

पहिल्या रात्री नऊला झोपले आणि पहाटे पावणेचारला टक्क जाग. म्हणजे आपले सव्वासात, दूध यायची वेळ, शरीर काय ऐकत नाही. हॉस्टेलच्या खोलीत बाकीच्या झोपलेल्या, म्हणून चहापत्ती आणि सुंठ घेऊन खाली स्वयंपाकघरात गेले तर तिथं लाइट लागलेला आणि चार-पाच जण आधीच टेबलाला. मला वाटलं यांना पण झोप नाही. तसं नव्हतं. ते वर जाणारे होते, बर्फावरचे. ऊन चढलं की बर्फ मऊ पडतो, दगड सुटतात, म्हणून हे लोक अंधारातच आवरून पहिला रोपवे पकडतात. एक जण ब्रेडवर जाम लावत होता, इतक्या सावकाश आणि इतक्या कडेपर्यंत की मी बघतच राहिले, एका पोरीनं जमिनीवर दोर पसरून तो हातभर-हातभर तपासत परत गुंडाळला, मग पायाला लावायच्या लोखंडी नख्या रबराच्या टोप्या घालून सॅकमध्ये भरल्या. कोण फारसं बोलत नव्हतं. मी पातेल्यात पाणी ठेवलं, सुंठ ठेचायला काय मिळेना म्हणून चमच्याच्या पाठीनं रगडली. वास सुटला तशी ती पोरगी वळली आणि इंग्रजीत म्हणाली, तू पण वर निघालीस? मी म्हटलं, नाही, मला नुसती जाग आलीय. सगळे हसले. तिला अर्धा कप दिला, दूध तिथल्याच फ्रिजमधलं. पुढच्या पहाटे मी परत पावणेचारला उठले, पण तेव्हा दुसरी माणसं होती आणि मी न विचारताच पातेलं मोठं घेतलं.

सकाळी वाटेला लागले. पती बाल्कों सूद नावाची एक सोपी वाट आहे, खोऱ्याच्या उन्हाकडच्या अंगानं, झाडीतनं, गावाच्या थोडं वरून आर्जांतिएर गावाकडं जाणारी. तिथंच मला त्या पिवळ्या पाट्या पहिल्यांदा भेटल्या. आल्प्समध्ये वाटेच्या पाटीवर अंतर किती ते शक्यतो लिहीत नाहीत, वेळ लिहितात. अमुक ठिकाण ५० मिनिटं, तमुक ठिकाण दोन तास दहा मिनिटं. आपल्याकडं गावातल्या माणसाला विचारलं की तो “हे काय, इथंच” म्हणतो आणि पुढं दोन तास तंगडतोड असते, पण त्यानं निदान आपल्या पायांचा हिशोब मांडलेला नसतो. इथं सरकारी पाटीच सांगणार की तुम्हाला पन्नास मिनिटं लागायला पाहिजेत. मी घड्याळ बघितलं आणि निघाले, आणि पहिल्या टप्प्यात पाटी जिंकायची म्हणून अशी भरभर चालले की आजूबाजूला काय होतं ते आता विचारलं तर सांगता येणार नाही. सत्तावन्न मिनिटं. दुसऱ्या टप्प्यात अजून मागं पडले. मग एका ठिकाणी लाकडाच्या पन्हळीतनं झऱ्याचं पाणी पडत होतं, तिथं बसून भडंग खाल्लं, बूट काढले, पाय गार पाण्यात धरले, आणि मागनं येणारं एक म्हातारं जोडपं “बोंजूर” म्हणून गेलं. ते माझ्यापेक्षा हळू चालत होते. पाटीशी त्यांचं काय भांडण दिसत नव्हतं, बाई दर वळणावर थांबून फुलाचं नाव नवऱ्याला सांगत होत्या आणि तो “हो हो” करत होता, अगदी आमचे हे करतात तसं, न ऐकता.

त्यानंतर मी घड्याळ सॅकमध्ये टाकलं असं लिहिलं तर गोष्ट छान होईल, पण तसं काय केलं नाही. उलट दर पाटीला वेळ लिहून ठेवायला लागले, बँकेची सवय. संध्याकाळी वहीत बघितलं तर पहिला टप्पा सोडून प्रत्येक टप्प्याला मला पाटीच्या सव्वापट ते दीडपट वेळ लागलेला, चढ असो, सपाट असो, सकाळ असो नाहीतर दुपार, फार इकडं-तिकडं नाही. पावनखिंडीच्या इतक्या वाऱ्या करून मला जे कळालं नव्हतं ते इथं कळालं, कारण पुढं कोण नव्हतं आणि मागंही कोण नव्हतं. आता हा आकडा हातात आल्यावर भीती गेली का? नाही गेली. पण आता ती मोजता येत होती. सहा तासांचा टप्पा असेल तर मला साडेसात ते नऊ तास, मग सकाळी मी अर्धा तास आधी निघायचं, दुपारचं खाणं चालत-चालत उरकायचं, असा हिशोब मांडता येत होता, आणि हिशोब मांडता आला की मी निम्मी शांत होते.

शामोनीत मला कुणीच विचारलं नाही की एकटी का. हॉटेलात एका माणसाचं टेबल मागितलं तर एका माणसाचं दिलं, मेन्यू पुढं ठेवला, संपलं. पहिल्या दिवशी हे इतकं भारी वाटलं की मी ह्यांना फोन करून मुद्दाम सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाकावर बसून ब्रेड आणि चीज खाताना मात्र वाटायला लागलं की कुणीतरी विचारावं. रंकाळ्यावरचे आजोबा आठवले. माणसाला कसंही करा, पटत नाही.

त्या दुपारी मी बोसाँ हिमनदी बघायला गेले. हे मात्र घरूनच ठरवून आले होते. आमचा मुलगा सहावीत होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला बसला होता, त्याचा अभ्यास मीच घ्यायचे, आणि तेव्हा वाचलं होतं की भाभा गेले ते या माँ ब्लाँवर. २४ जानेवारी १९६६. एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ विमान, मुंबईहून निघून दिल्ली, बैरूत करत जिनिव्हाला उतरायच्या बेतात होतं, आपण डोंगर ओलांडलाय असा वैमानिकाचा समज झाला आणि ते शिखराजवळ आदळलं. ११७ माणसं. भाभा व्हिएन्नाला अणुऊर्जेच्या बैठकीला निघाले होते. आणि त्याच डोंगरावर १९५० च्या नोव्हेंबरमध्ये एअर इंडियाचंच ‘मलबार प्रिन्सेस’ पडलं होतं, त्यात ४८. एकाच डोंगरावर, दोन्ही आपली.

बोसाँ हिमनदी त्या शिखराखालून सरळ गावाच्या दिशेनं उतरते. वर पडलेलं जे काही बर्फात गाडलं जातं ते हिमनदी पोटात घेऊन वर्षानुवर्षं खाली सरकवत आणते आणि टोकाला बर्फ वितळला की बाहेर टाकते. २०१२ मध्ये तिथं परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची पिशवी सापडली. पुढच्या वर्षी एका गिर्यारोहकाला पाचू-नीलम भरलेली डबी मिळाली आणि ती त्यानं पोलिसांकडं जमा केली. २०२० च्या उन्हाळ्यात तर १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रं निघाली, इंदिरा गांधी पंतप्रधान होणार ही बातमी पहिल्या पानावर, आणि वाळवल्यावर ती वाचता येत होती.

पायथ्याच्या गावातनं वर चढायला पाटीवर सव्वा तास लिहिलं होतं. मला किती लागला असेल तो हिशोब आता तुम्हीच करा. झाडीतनं वळणं घेत वाट जाते, आणि एका वळणावर झाडं संपून समोर अचानक ती हिमनदी येते. खालचा भाग मातकट, वर निळ्या भेगा, आणि जिथं पूर्वी बर्फ होता तिथं आता नुसता घासून गुळगुळीत झालेला खडक, कारण ती दरवर्षी मागं हटतीय. एका पोराला त्याची आई काहीतरी दाखवत होती, तो दगड मारत होता. मी तिथं बराच वेळ उभी राहिले. मनात काय आलं ते सांगायला बसले तर उगाच जड होईल, पण एक सांगते, मुंबईहून जिनिव्हाला मीही आले होते, आणि विमानात खिडकीतनं तो डोंगर दिसल्यावर मी फोटो काढून ग्रुपवर टाकला होता, खाली ‘जगात भारी’ असं लिहून.

तिसऱ्या दिवशी सकाळी एग्वी द्यु मिदी या सुळक्याच्या रोपवेनं वर गेले, ३८४२ मीटर, वीसेक मिनिटांत. डोकं जरा हलकं झालं, फोटो काढले, लोक चंद्रावर चालल्यासारखे सावकाश चालत होते आणि त्यांच्यात मी अगदी बरोबर बसले. खाली आले तर पाऊस. मग गावातच फिरले आणि पुतळे बघितले. चौकात एक मोठा पुतळा आहे, त्यात बाल्मा नावाचा गावचा माणूस सोस्यूर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाला बोट करून शिखर दाखवतोय. सोस्यूरनं वाट शोधणाऱ्याला बक्षीस लावलं होतं, आणि ८ ऑगस्ट १७८६ ला बाल्मा वर पोचला. पण तो एकटा नव्हता, बरोबर गावचे डॉक्टर पाकार होते, आणि त्यांना या पुतळ्यात जागाच नाही. त्यांचं नाव मागं पाडण्यात आलं, आणि वेगळा पुतळा मिळाला तो १९८६ मध्ये, म्हणजे बरोबर दोनशे वर्षांनी. दोघं बरोबर चढले तरी बोट एकाचंच. १८०८ मध्ये वर गेलेली पहिली बाई मारी पारादी, तीही याच खोऱ्यातली, मोलमजुरी करणारी, शेवटी शेवटी तिला ओढत-उचलत नेलं असं तिनंच सांगून ठेवलंय. मला ती फार आवडली. पोचली की झालं, कसं पोचले ते लपवायचं कशाला.

शनिवारी संध्याकाळी सहाला ब्रीफिंग. त्याआधी दुपारभर मी कॉफीच्या दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट बघत होते, यातले आपले कोण. कोरे बूट, ताणलेला चेहरा, हातात छापील यादी, की धरायचं हा आपला. सहापैकी चार बरोबर निघाले. जिने चढणारा माणूस प्रत्यक्षात माझ्याच वयाचा, थोडा बुटका आणि विमानतळावरनं थेट आलेला, डोळे लाल, बॅग मागं राहिलेली. मॅरेथॉनवाली बाई सारखी विचारत होती की पाणी कुठं भरायचं, नळाचं चालतं का. मी म्हटलं चालतं, आणि गावात जागोजाग हौद आहेत, फक्त पिण्याचं नाही असं लिहिलेलं असेल तिथलं सोडायचं. बसला तिकीट काढायला लागतंय का? राहत्या जागेवरनं पाहुण्यांचं कार्ड मिळतं, ते दाखवायचं. गाइडनं माझ्याकडं बघून विचारलं, तू आधी आली होतीस का इथं? म्हटलं नाही, बुधवारी आलीय. मग नावं सांगायची वेळ आली तेव्हा मी नाव सांगितलं, कोल्हापूर सांगितलं, आणि सांगितलं की पाटीवर लिहिलेल्या वेळेच्या सव्वापट-दीडपट मला लागतात, उद्यापासून सकाळी अर्धा तास आधी निघाले तर चालेल का. तो म्हणाला, पहिल्या जंगलातल्या टप्प्याला चालेल, खिंडीच्या आधी थांबायचं. हे त्यानं वहीत लिहूनही घेतलं.

सगळं संपल्यावर तो जिने चढणारा हळूच जवळ आला. नव्या बुटांनी विमानतळावरच टाच सोललेली, पट्टी कुठं मिळेल? म्हटलं, हिरवा क्रॉस लावलेलं दुकान शोधायचं, एक पुलापलीकडंच आहे, चल दाखवते. तो लंगडत होता, दुकान बंद व्हायला अजून अवकाश होता, आणि वाटेत फोन वाजला म्हणून बघितलं तर आत्यांचा मेसेज, पाणी ३३ फूट, जेवलीस का.